वाण काय लुटलं?

डोंबिवलीच्या मैत्रिणीने तो चावट पत्त्यांचा खेळ आणला तेव्हा मी वैतागलेच. एकीने पत्त्यावरचा प्रश्न वाचायचा, बाकीच्यांनी हातातल्या पत्त्यांतून उत्तर टाकायचं, सगळ्यात आचरट उत्तर जिंकणार. पण विनोद सगळे अमेरिकेतले. समजावून सांगितलेल्या विनोदावर कोण हसतं? मग आम्हीच जुन्या लग्नपत्रिका कापून, कोऱ्या बाजूवर लिहून मराठी पत्ते केले आणि रविवारी दुपारी कोलशेतला माझ्या घरी खेळायला लागलो.

बाबा गेल्यापासून आई आतल्या खोलीतून फारशी बाहेर येत नसे. एका रविवारी आली आणि म्हणाली, "मलाही वाटा." मी नको नको म्हणतेय, तोवर मैत्रिणीने वाटलेसुद्धा.

प्रश्न वाचायची पाळी माझी होती. "यंदा हळदीकुंकवाला वाण काय लुटलं?" वाचलं आणि जीभ चावली. यंदा संक्रांतीला सोसायटीतल्या एकाही घरून आईला बोलावणं आलं नव्हतं. मैत्रिणींनाही ते ठाऊक होतं.

आईने चष्मा लावला, हातातले पत्ते नीट वाचले आणि एक टाकला. 'दुसरीचा नवरा.'

हसायची कोणाची हिंमत होईना.

"अगं, म्हणून तर बोलवत नाहीत त्या मला," आई म्हणाली आणि आधी तीच हसली. मग आम्ही, पोट धरधरून.

पत्ते पिसता पिसता ती म्हणाली, "पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकू आपल्याकडे. आणि कुंकू मलाही लावायचं, आत्ताच सांगून ठेवते."