रेकॉर्डमधली न वाजलेली ओळ

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मान हलवून पान उलटतो. आमचं घराणं व्यापाऱ्यांचं. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत भुसारी दुकान. काट्यावर जे बसतं तेच खरं, अशा घरात मी वाढलो. भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. तरी हे लिहायचं ठरवलंय आणि ठरवलंय म्हणजे पुरं करणार. यात भूत नाही. एक गाणं आहे, माझी थोरली बहीण आहे आणि मी तिच्याशी जे वागलो ते आहे.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. मी पंचविशीत. दिवसा दुकानात शेंगदाणे जोखायचे आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गायचं, असं माझं चाललेलं. गणपतीत आणि लग्नसराईत आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसे. माझा आवाज दर्दभऱ्या गाण्यांना बसायचा. पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला की मला बरं वाटायचं... आता लिहायलाही लाज वाटते, पण वाटायचं.

तर अशातच मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीने माझी छोटी तबकडी काढायचं कबूल केलं. दोन बाजू, दोन गाणी. त्यातलं मुख्य गाणं ‘पाखरा’. प्रेयसी कायमची दूर गेलीय आणि तो एकटा घरात बोलतोय, असं गाणं. शब्द एका मित्राचे. पण शेवटची ओळ मी दिली होती. सगळी वाद्यं थांबतात, एकटी बासरी उरते आणि त्या बासरीवर एकदाच ती ओळ येते –

‘भिऊ नको पाखरा, दार मी लावलंय.’

ऐकणारा प्रत्येक जण त्या ओळीला गप्प व्हायचा. ‘कुठनं सुचलं हो?’ असं विचारायचे. मी नुसता हसायचो.

ती ओळ मला सुचलेली नव्हती. ती माझ्या अक्काची होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. अव्वा, म्हणजे आमची आई, सतत आजारी, त्यामुळे मला, म्हणजे तिच्या बसूला, खरं वाढवलं ते अक्कानेच. तिला शाहूवाडीकडे दिलेली. मलकापूरच्या पुढे एक वाडी, भाताची शेती आणि दाजींचं लहानसं किराणा दुकान. त्यांना एकच मुलगी होती, गौरा. ती कोल्हेकुईला फार भ्यायची. कोल्हे ओरडायला लागले की अक्का तिला थोपटत हेच म्हणायची – भिऊ नको पाखरा, दार मी लावलंय. एका पावसाळ्यात गौरा तापाने गेली. शाळेतही गेली नव्हती अजून.

त्यानंतर काही वर्षांनी, रेकॉर्ड निघायच्या आदल्या दिवाळीला मी अक्काकडे गेलो होतो. तिन्हीसांजेला ती माजघराच्या दाराशी उभी होती. आत कुणी नव्हतं. रिकाम्या अंथरुणाकडे बघून ती तेच वाक्य म्हणाली आणि दार ओढून घेतलं. मी मागे उभा आहे हे तिला कळलंसुद्धा नाही. आणि मी... त्याच क्षणी माझ्या डोक्यात चाल सुरू झाली. मला रडू आलं नाही, चाल आली! हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

रेकॉर्डिंग झालं, तबकड्या छापून कोल्हापुरात आल्या. प्रकाशनाचा कार्यक्रम रविवारी सकाळी, हॉल घेतलेला, हँडबिलं वाटून झालेली. तेव्हा कुठे मला घाम फुटला. उद्या हे गाणं रेडिओवर लागेल, लग्नाच्या मांडवात लागेल, आणि अक्का ते कुठेतरी चारचौघांत ऐकेल. मी ठरवलं – कार्यक्रमाआधी रेकॉर्ड घेऊन तिच्याकडे जायचं, ऐकवायची, खरं सांगायचं. ती नको म्हणाली तर प्रकाशन होणार नाही.

मुनीर माझा जिवलग. रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आणि आमच्या ऑर्केस्ट्रात बोंगो वाजवायचा. तो म्हणाला, “येडा हायस का? पावण्यांना बोलावून झालंय. आता नको म्हणली तर काय तोंड दाखवणार?”

“न्हाय दाखवणार.”

“मग चल बाबा. तुझ्या तोंडापाई माझा धंदा बुडतोय ह्यो एक दिवस.”

अक्काच्या वाडीत तेव्हा वीज नव्हती. म्हणून मुनीरने त्याच्या दुकानातला बॅटरीवरचा रेकॉर्ड प्लेअर घेतला – झाकण लावलं की सुटकेससारखा दिसायचा. आदल्या संध्याकाळी त्याच प्लेअरवर आम्ही रेकॉर्ड पूर्ण वाजवून पाहिली होती. ओळ स्वच्छ होती. हे लक्षात ठेवा. बरोबर मी आणखी एक कोरी कॉपी घेतली, अक्काच्या घरी ठेवायला.

एस.टी.ने मलकापूर, तिथून चालत. पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. अक्का उंबऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली.

“आलास व्हय बसू? आणि हे पावणं कोण?”

“पावणा कसला अक्का, मुनीर हाय मी. मागल्या खेपेला भाकऱ्या हाणल्या हुत्या की तुमच्या हातच्या!”

“भाकऱ्या ध्यानात हायती. तोंड न्हवतं.”

दाजी हसले. दाजी कमी बोलणारे. गौरा गेल्यावर त्यांनी तिचे कपडे, खेळणी, सगळं घराबाहेर काढलं होतं. तिचं नावही त्या घरात कुणी घ्यायचं नाही. गेलेल्या लेकराचं नाव घेतलं की त्याचा जीव घराभोवती अडकून राहतो, असं अक्काच्या सासूने सांगितलेलं. सासू पुढे वारली, पण तो नेम तसाच राहिला.

वाटेत मी मनातल्या मनात बोलायची तयारी केली होती. प्रत्यक्षात तोंड उघडेना. म्हटलं, आधी गाणं होऊ दे. मुनीरने प्लेअर ओसरीवर ठेवला, सुई टेकवली.

पहिलं कडवं झालं. दाजी खांबाला टेकून ऐकत होते. “ह्यो तुझाच आवाज व्हय रं? बरा हाय की.” दुसरं कडवं झालं. अक्का मान खाली घालून तांदूळ निवडत होती. मग सगळी वाद्यं थांबली आणि बासरी आली.

माझा आवाज आला नाही.

बासरी नेहमीसारखी पुढे गेली, मी जिथे श्वास घेतला होता तिथे ती थांबली, परत निघाली. माझ्या ओळीएवढी जागा मोकळी गेली. मग व्हायोलिन्स आली आणि गाणं संपलं.

“सुई घसरली जणू...” मुनीर म्हणाला, पण त्याचा चेहरा वेगळंच सांगत होता. सुई घसरली असती तर बासरीही तुटली असती. आमचं रेकॉर्डिंग एका खोलीत, सगळे वादक आणि मी एकत्र, एका दमात झालेलं. नवख्या गायकाला वेगळा ट्रॅक कोण देतो? माझा आवाज तेवढा काढून बासरी मागे ठेवणं शक्यच नव्हतं.

अक्काने मान वर केली. “शेवटाला काय हाय रं तितं?”

आणि मी म्हणालो, “काय न्हाय अक्का. नुसतं म्युझिक हाय.”

एवढ्या लांब खरं सांगायला आलेला मी. आणि पहिली संधी मिळाली तेव्हा मनात काय आलं असेल? – सुटलो!

“परत लाव,” अक्का म्हणाली.

परत लावली. तेच. मुनीरने न सांगता दुसरी, कोरी कॉपी काढली, पाकीट फाडलं, लावली. पहिलं कडवं, दुसरं कडवं, बासरी... आणि मोकळी जागा.

“माल खराब लागला तुझा,” दाजी म्हणाले. “देऊन टाक कंपनीला परत.”

अक्काने सूप बाजूला ठेवलं. आवाजात राग नव्हता. “बसू, तितं काय हाय?”

मुनीर माझ्याकडे न बघता पुटपुटला, “सांग की लेका.”

मला त्या वेळी एक गोष्ट लख्ख कळली. आता गप्प बसलो तर रविवारी कार्यक्रम होईल, टाळ्या पडतील, आणि मी जन्मभर या बाईच्या पुढ्यात बसून भाकरी खाऊ शकणार नाही. मी प्लेअर बंद केला. उभा राहिलो. आणि ती ओळ गायलो. पूर्ण, चालीसकट. आणि मग म्हणालो, “ही तुझी हाय अक्का. दिवाळीत ऐकली. तुला न इचारता घेतली. तू नको म्हण, सगळं बंद करतो. आत्ताच्या आत्ता.”

दाजी पाठ फिरवून अंगणात गेले. अक्काने सुपातले तांदूळ मुठीत घेतले, परत सोडले.

“वळ घेतलीस, त्येचं काय न्हाय,” ती शेवटी म्हणाली. “पर तिचं नाव का न्हाय घातलंस? ह्या घरात कोण घेत न्हाय. म्या भिंतीला सांगतो तिचं नाव, व्हय. आणि तूबी नुसतं पाखरा म्हणलास? गौरा म्हणायला काय धाड भरलीती तुला?”

ते नाव त्या घरात कित्येक वर्षांनी मोठ्याने उच्चारलं गेलं असेल. अंगणात दाजी जागच्या जागी खिळल्यासारखे उभे राहिले.

“रविवारी येतो आमी,” अक्का म्हणाली. “फुडं बसनार.”

रविवारी दोघं आली, पहिल्या रांगेत बसली. पाहुण्यांनी फीत सोडली, आणि मी माइक हातात घेऊन सांगितलं – या गाण्याची शेवटची ओळ माझी नाही. माझी भाची गौरा हिची आई तिला झोपवताना जे म्हणायची, ते हे शब्द आहेत. गौरा आज नाही. हे गाणं तिच्या नावाने आहे.

मग रेकॉर्ड लावली. वाडीवर नेलेलीच कॉपी मी मुद्दाम लावायला सांगितली होती, काही झालं तरी चालेल म्हणून. कडवी झाली, बासरी आली... आणि माझा आवाज आला. स्वच्छ, शब्दन्‌शब्द. बोंगोमागे बसलेल्या मुनीरने दोन्ही हात डोक्याला लावले.

बाहेर पडताना गेटपाशी कुणीतरी दाजींना विचारलं, “गौरा म्हणजे कोण वो?” दाजी म्हणाले, “माझी पोरगी.”

यानंतर मी गप्प बसलो नाही. दोन्ही कॉपी निरनिराळ्या प्लेअरवर वाजवल्या. मुनीरने त्याचा प्लेअर पार खोलून जोडला. रेकॉर्डिस्टला मुंबईला जाऊन विचारलं, तो हसला. म्हणाला, आवाज तेवढा पुसणारं मशीन मिळालं तर मलाही आणून द्या. त्या दोन्ही कॉपी आजही माझ्याकडे आहेत आणि दोन्हींत ओळ आहे.

मुनीरला आजही विचारलं तर तो सांगतो, त्या दुपारी वाडीत ओळ नव्हती. दाजी होते तोवर तेही सांगायचे – न्हवती, वळ न्हवती.

अक्काजवळ मात्र मी हा विषय बरीच वर्षं काढला नव्हता. मध्यंतरी ती माझ्याकडे राहायला आली होती. जेवताना मी धीर करून म्हणालो, “अक्का, त्या दिवशी रेकॉर्डमधनं ती ओळ गेली कुठं असंल गं?”

तिने आश्चर्याने माझ्याकडे बघितलं.

“गेली कुठं म्हंजे? मला तर पहिल्यांदा लावली तवाच ऐकाय आलती की.”

“मग इचारलंस कशाला? तेबी दोनदा?”

“तू काय सांगतोस ते बघायचं हुतं,” ती म्हणाली, आणि आमटी वाढून घेतली.

आम्हा तिघांना न ऐकू आलेली ओळ तिला एकटीला कशी ऐकू आली, याचा उलगडा मला झालेला नाही. थट्टा केली असेल, असं वाचक म्हणतील. पण मी तिला लहानपणापासून ओळखतो, अक्का खोटं बोलत नाही. त्या दुपारी त्या ओसरीवर खोटं बोललेला माणूस एकच होता.