मामाजी सकाळीच गेले

मोठ्या पडद्याचा फोन घेतला की घरात टॅबची गरज उरत नाही, असं मी जाहीर केलं तेव्हा माझे शंकरमामा हयात होते. (ते आजही आहेत. मधल्या काही तासांपुरते मतभेद होते.)

मी सिंदेवाहीत राहतो आणि एका वर्तमानपत्राला तालुक्याच्या बातम्या पाठवतो. घरातला टॅब सगळ्यांचा होता, त्याला कुलूप नव्हतं. मोतीबिंदू काढल्यापासून बाबा त्यावर पेपर वाचत. तो मी शेजाऱ्यांना देऊन टाकला आणि तळहातात न मावणारा फोन आणला. बाबांसाठी अक्षरं इतकी मोठी केली, की पडद्यावर एका वेळी तीनच शब्द बसत.

"मी पेपर वाचून राह्यलो का गावाच्या पाट्या?" बाबांनी विचारलं. सवय होईल, असं मी सांगितलं.

पौषातली सकाळ होती. धुकं अंगणापर्यंत आलेलं, समोरचं चिंचेचं झाड अर्धंच दिसत होतं. मी आंघोळीला गेलो असताना फोन वाजला आणि थोड्या वेळानं बाबांनी मोरीचं दार ठोठावलं.

"सुनंदाचा मेसेज होता. 'मामाजी सकाळीच गेले' म्हणते."

सुनंदा म्हणजे शंकरमामांची सून. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. म्हणजे गेले ते आईचे धाकटे भाऊ.

मी तसाच बाहेर आलो. फोनला कुलूप लागलं होतं आणि माझा ओला अंगठा त्याला ओळखू येईना. चौथ्या खेपेला उघडला, तर नातेवाइकांच्या गटात सुनंदाच्या नावाखाली एवढंच होतं : हा मेसेज डिलीट केला आहे. काय पुसलं गेलं, ते जगात फक्त बाबांनी पाहिलं होतं.

मामांना फोन लावला. स्पीकरवर एक बाई शांतपणे म्हणाली, की ही व्यक्ती सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

"बरोबर सांगून राह्यली बाई," बाबा म्हणाले.

सुनंदाचाही फोन लागेना. मातीला, म्हणजे अंत्यविधीला, जायचं असलं की आमच्याकडे माणूस खरंच गेला का, हे विचारत बसत नाहीत, निघतात. चूल पेटली नाही. मामांच्या गावी जायला भाड्याची गाडी येईपर्यंत मी गटात मजकूर टाकला : 'दुःखद निधन. आमचे मामा शंकरराव यांचे आज पहाटे अल्पशा आजाराने निधन झाले.' (आजार मी सवयीनं घातला. त्याशिवाय वाक्य उघडं वाटतं.)

वाटेत मूल गावात आईनं गाडी थांबवली आणि मातीवर घालायला पांढरं कोरं कापड घेतलं. पुढचा सगळा रस्ता ती ते मांडीवर धरून बसली. भाऊबीजेला मामा आले होते, तेव्हा कशावरून तरी रुसून ती त्यांच्याशी धड बोलली नव्हती.

"मी त्याले जेव म्हणूनई म्हटलं नाई," एवढं ती एकदाच बोलली.

जंगलात धुकं आणखी दाट झालं. कुठंतरी वानर वाघ दिसल्यासारखं खाकरलं आणि थांबलं. ड्रायव्हरनं काच वर केली. वैनगंगेच्या पुलावर रेंज आली तसा फोन बाबांच्या हातात उजळला. त्यांनी पडदा डोळ्यांजवळ नेला.

"शंकरनं हात जोडले," ते म्हणाले.

मी फोन घेतला. माझ्या मजकुराखाली, खुद्द मामांच्या नावानं, जोडलेले दोन हात आले होते. शेजारी सकाळची वेळ होती, आत्ताची. सुनंदानं त्यांचा फोन घेतला असेल, असं मी म्हणालो. माझा आवाज मलाच पटला नाही.

मार्कंड्याच्या देवळाकडे जाणारा फाटा आला तेव्हा धुक्यातून एक माणूस रस्त्याच्या मधोमध चालत आला. उघडा, ओलं धोतर, केस निथळत असलेले. ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि डोळे मिटले. ते शंकरमामा होते.

काच खाली गेली. मामांनी आधी मला पाहिलं, आणि जी किंकाळी आम्ही मारायची ती त्यांनी मारली.

आई खाली उतरली. तिनं भावाच्या खांद्याला हात लावून पाहिला.

"शंकर, तू गेला ना रे?"

"गेलतो, बाई. मार्कंड्याले." मामांची नजर माझ्यावरून हटत नव्हती. "आता याच्या मातीले येऊन राह्यलो."

उलगडा सावकाश झाला. सुनंदाचा पूर्ण मेसेज 'मामाजी सकाळीच गेले मार्कंड्याले' असा होता. चौथा शब्द बाबांच्या अक्षरांत बाहेर राहिला. मेसेज तिच्या बहिणीसाठी होता, चुकून आमच्या गटात पडला, म्हणून तिनं तो काढला. देवळापाशी मामांना रेंज आली, तेव्हा त्यांच्या पडद्यावर दोनच गोष्टी दिसल्या : वर, मजकूर पाठवणारा म्हणून, माझा फोटो आणि खाली 'दुःखद निधन'. दिवाळीत त्यांच्याही फोनची अक्षरं मीच मोठी करून दिली होती. त्यांनी हात जोडले, नदीत माझ्या नावानं बुडी मारली आणि कपडे विसरून निघाले.

मामा थंडीनं कुडकुडत होते. आईनं गाडीतलं ते कोरं कापड आणून, उलगडून त्यांच्या अंगावर घातलं आणि रडत रडत त्यांचं डोकं पुसायला लागली.

"नवीन दिसते," मामा म्हणाले. "कोनासाठी घेतलं?"

"तुयाचसाठी," आई म्हणाली.

मी जरा चिडलो होतो. नुसत्या फोटोवरून माणूस मेला असं कसं मानलं, असं मी मामांना विचारलं.

"मी असाच नाई मानलं बा," मामा म्हणाले. "घाटावरच्या न्हाव्याले दाखवला फोन, मंग फुलवालीले दाखवला. दोघंई येगयेगळे म्हने, गेला."

दोन माणसांकडून स्वतंत्रपणे खात्री केल्याशिवाय बातमी द्यायची नाही, हे मी नव्या वार्ताहरांना वर्षानुवर्षं शिकवत आलो आहे. त्या दिवशी आमच्या घराण्यात तो नियम एकाच माणसानं पाळला, आणि त्याच्याकडे पक्की झालेली बातमी मी मेल्याची होती.