ओढ्यावरची शिकेकाई

हौसा कोलाडच्या आतल्या वाडीत नांदायला आली, तेव्हा सासरच्या शेतातला वाल रानडुकरं फस्त करत. कुंपणाला तिनं शिकेकाई निवडली. रानात चिल्हारही तशीच काटेरी दिसते, म्हणून ती आधी पाला चावून बघायची. आंबट लागला की शिकेकाई. बिया गरम पाण्यात भिजवून तिनं ओढ्याच्या बांधावर टोचल्या. बघता बघता वेल उंबरावर चढले, त्यांची जाळी झाली आणि डुकरं फिरकेनाशी झाली. कोवळा पाला आमटीत जाई, शेंगा वाळवून ती रोह्याच्या बाजारात विके.

"हिचे काटे मागं वळलेले," ती सगळ्यांना बजावायची. "आत जाणाऱ्याला सोडते, मागं फिरणाऱ्याला धरते. अडकलात तर ओढू नका."

यंदा माघात वाडीतली कुत्री नाहीशी होऊ लागली. शेजारच्या मोरूचं दांडगं कुत्रंही एका सकाळी दिसलं नाही. त्याच दिवशी हौसाला जाळीत बुडाशी एक भोक दिसलं. काट्यांना मऊ, पिवळसर केस लटकले होते.

"डुकराची वाट असंल," नवरा विठू म्हणाला आणि कंपनीत शिफ्टला गेला.

डुकराचे केस राठ नि काळे असतात, हे हौसाला ठाऊक होतं. तिनं घरोघरी जाऊन ओढ्याकडे जाऊ नका म्हणून सांगितलं. धाकटी जाऊ शांती तेवढी पेणला, रामवाडीत माहेरी होती. ती परतली तेव्हा सांगायचं राहून गेलं.

त्याच दुपारी ओढ्याकडून हाक आली. "जाऊबाय! केस अडकलं गो!"

हौसा विळा घेऊन धावली. शांती शेंगा वेचत वेचत जाळीत शिरली होती. हौसा पोटावर सरपटत आत गेली. कुजकट, उग्र वास आला. हाताखाली हाडं लागली. शांतीची वेणी नि पदर वेलीनं धरला होता, आणि ती ओढत होती.

"हलू नको. बोलू पण नको."

शांतीच्या पाठीमागे, काळोखात, कोणीतरी जड श्वास घेत होतं. मग बारीक म्याव म्याव ऐकू आलं, आणि त्यावर घशातली खोल गुरगुर.

काटे सोडवत बसायला वेळ नव्हता. हौसानं विळ्यानं वेणी मानेपाशी कापली, पदर फाडला आणि शांतीला आपल्या बाजूनं भोकाकडे ढकललं. स्वतः मागे मागे सरकताना दंडाची साल निघाली. तिनं त्या काळोखावरची नजर काढली नाही. दोन डोळे चमकले, पण जागचे हलले नाहीत.

संध्याकाळी विठू जाळी पेटवायला रॉकेलचा डबा घेऊन निघाला. हौसा त्याला आडवी आली.

"आत पिल्लं हायत. ती जळली तर बिबटीण वाडी सोडंल का?"

विठू थांबला. वाडीनं ओढ्याची वाटच टाकली. शिमग्यानंतर भोक ओस पडलं, त्यावर कोळिष्टकं धरली. तेव्हा पुन्हा कुणी तिथं लपायला नको म्हणून हौसानं कोयता घेतला आणि आपल्या हातानं लावलेले वेल बुडातून तोडले. तोडताना ती रडली, पण कुणाला हात लावू दिला नाही.

बिबटीण पिल्लं घेऊन कुठं गेली, कुणालाच कळलं नाही. हल्ली दोघी जावा शेतात बसतात त्या पाठीला पाठ लावून. एक ओढ्याकडे बघते, दुसरी डोंगराकडे.