अविवाहितांचे कायमचे कॅप्टन

“ह्यांचं आता लग्नच लावून टाका, म्हणजे मॅचची कटकट एकदाची मिटंल.”

मी चहाच्या टेबलामागे एकात एक अडकलेले कागदी कप सोडवत होते, तेव्हा हे वाक्य कानावर आलं. बोलणारे आमच्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी होते, ऐकणारे पाळक होते, आणि ‘ह्यांचं’ म्हणजे माझ्या मामांचं. पाळक हसले. मामा तिकडे मैदानात एकटेच स्टंप ठोकत होते. त्यांना हे ऐकू गेलं नसावं. गेलं असतं, तरी त्यांनी एवढंच विचारलं असतं की तारीख कोणती धरलीय.

क्रिकेटपायी नोकरी घालवलेले, परीक्षा बुडवलेले, बायकोशी अबोला धरलेले लोक आपल्याकडे पुष्कळ सापडतील. पण क्रिकेटपायी बायकोच न केलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) एकच, आणि तो माझ्या आईचा मावसभाऊ आहे. राहुरी आणि बेलापूरच्या मधे आमचं गाव. गावाच्या कडेला मिशनचं जुनं कंपाउंड, त्यात चर्च, बंद पडलेलं बोर्डिंग आणि ह्या दोहोंच्या मधे मैदान. नाताळच्या दुसऱ्या दिवशी ह्या मैदानावर विवाहित विरुद्ध अविवाहित अशी मॅच होते. ती कोणी सुरू केली ते आता कोणालाच सांगता येत नाही. लग्न झालं की माणूस त्या वर्षीपासून पलीकडच्या टीममध्ये जातो, एवढा एकच नियम. मामा पलीकडे कधी गेलेच नाहीत. विशीत ते अविवाहितांचे कॅप्टन झाले आणि साठी उलटली तरी कॅप्टनच आहेत. त्यांच्या टीममधून खेळलेले कितीतरी जण लग्न करून पलीकडे गेले, त्यांची मुलं मोठी होऊन मामांच्या टीममध्ये आली आणि तीही यथावकाश पलीकडे गेली. मामा मात्र प्लॅटफॉर्मवरच्या घड्याळासारखे जागच्या जागी.

त्यांना स्थळं आली नाहीत असं नाही. आई सांगते, एक तर अगदी ठरत आलं होतं. मुलगी शेवगावकडची, शिकलेली, उंच. मुलीच्या वडिलांनी डिसेंबरचा पहिला आठवडा सुचवला. मामा म्हणाले, नाताळानंतर ठेवा. का, तर आधी लग्न झालं तर त्यांना त्या वर्षी विवाहितांकडून खेळावं लागलं असतं, आणि त्या वर्षी म्हणे अविवाहितांकडे इतका चांगला डावखुरा बोलर आला होता की त्याच्याविरुद्ध खेळायची मामांची छाती नव्हती. मुलीचे वडील म्हणाले, “अहो, एका मॅचसाठी?” मामा म्हणाले, “मॅच एका दिवसाची असती. टीम वर्षभराची असती.” ते गृहस्थ चहाही न पिता उठले. त्या मुलीचं लग्न आमच्याच गावातल्या एकाशी झालं, तेही डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात, आणि सव्वीस तारखेला तो नवरदेव विवाहितांकडून ओपनिंगला उतरला. त्याचा शून्यावर असतानाचा सरळ सोपा कॅच मामांच्या हातातून सुटला. मामा सांगतात, ऊन डोळ्यात आलं. आई सांगते, ती मुलगी चर्चच्या पायरीवर बसली होती.

तेव्हापासून मामांना लग्न ही गोष्ट वैयक्तिक नुकसान वाटू लागली असावी. कोणाच्या लग्नाला गेले की ते स्टेजवर चढून नवऱ्या मुलाचा हात दोन्ही हातांत धरायचे आणि मयताला आल्यासारख्या आवाजात म्हणायचे, “लेगस्पिन लई चांगला व्हता रे तुझा.” आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये जाहीर सूचना वाचतात आणि कोणाला हरकत असेल तर कळवावी असं विचारतात. ते विचारण्यापुरतंच असतं. एका डिसेंबरात मामांच्या विकेटकीपरचं नाव वाचलं गेलं आणि मामा उभे राहिले. नवरीच्या आईने छातीवर हात ठेवला. मामा म्हणाले, “हरकत लग्नाला न्हाई. तारखेला हाय.” त्या वेळच्या पाळकांनी त्यांना उपासनेनंतर ऑफिसात बोलावून समज दिली. मामा बाहेर आले ते सांगत, की जानेवारीचा विचार करू असं म्हणालेत.

नोकरी एस.टी.त. स्टँडवर कंट्रोलर होते. सुटलेल्या गाडीमागे कोणी पिशवी घेऊन धावत आला आणि त्याला दार धरता आलं नाही, की मामा खिडकीतून हळूच बोट वर करायचे. रन आउट. दार धरून चढला तर दोन्ही हात आडवे, नॉट आउट. ह्यावरून एकदा एका प्रवाशाने तक्रार केली होती, की गाडी चुकली त्याचं दुःख नाही, पण साहेबांनी आउट दिलं. रजेचं म्हणाल तर त्यांनी वडिलांच्या आजारपणातही हात राखून रजा घेतली, कारण सव्वीस डिसेंबरची शिल्लक राहायला पाहिजे. मैदानाला लागून रस्ता आहे आणि मॅच नेमकी ऊसतोडीच्या दिवसांत येते. एका वर्षी विवाहितांच्या एकाने असा षटकार मारला की बॉल रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉलीत जाऊन पडला आणि ट्रॅक्टर तसाच फॅक्टरीकडे निघून गेला. मामा पॅड बांधलेलेच मोपेडवर बसले आणि मागे गेले. दुपार कलली तेव्हा रिकाम्या हातांनी परत आले. “फॅक्टरीच्या वजनकाट्यापातुर गेल्तो,” ते म्हणाले. “पन ट्रॉलीचा नंबर लागला व्हता. उसाबरूबर गव्हाणीत गेला, गाळपाला.” मग कितीतरी दिवस चहा पिताना ते साखर चिमटीत धरून बघायचे आणि म्हणायचे, ह्यात आपला बॉल हाय.

माझा ह्या मॅचशी संबंध चहाच्या टेबलापुरता. मैदानाला चुन्याची फक्की मारायची, केक कापायचा, कप भरायचे, ही मुलींची कामं. मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे मराठीत बोललं की बाकावर उभं करायचे, आणि कंपाउंडात इंग्रजी शब्द तोंडातून गेला की पोरं “आली मॅडम” म्हणायची. दोन्हीकडे गप्प बसणं सोयीचं होतं. आता मी घरूनच एका कंपनीचं काम करते, कानांत हेडफोन घालून दिवसभर ‘यस’ आणि ‘शुअर’ म्हणते, आणि संध्याकाळी माझ्या लक्षात येतं की दिवसभरात स्वतःचं असं एकही वाक्य बोलले नाही. तर, मी नववीत असताना एकदा बॉल चहाच्या टेबलापर्यंत आला. मी ट्रे खाली ठेवला आणि बॉल फेकला. तो एकही टप्पा न पडता थेट विकेटकीपरच्या हातात, बरोबर बेल्सच्या वर गेला. मामा धावत माझ्याजवळ आले, खिशातलं चॉकलेट माझ्या हातावर ठेवलं आणि अगदी मनापासून म्हणाले, “पोरगा असतीस तर डोळे झाकून कव्हरला उभी केली असती गं तुला.” ही स्तुती आहे असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. बोर्डिंगच्या मागच्या भिंतीवर मी बॉल मारत असे. भिंत परत फेकते, काही विचारत नाही. आमचं चांगलं जमलं.

मग हळूहळू मुलं येईनाशी झाली. मामांना आधी वाटलं परीक्षा आहेत, मग वाटलं थंडी आहे. यंदा दिवाळीपासूनच ते मोपेडवरून घरोघरी फिरायला लागले, आणि त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं म्हणून आईने मला मागे बसवून पाठवलं. चर्चच्या बँडमधला ड्रमवाला म्हणाला, सव्वीसला आमचं कॅरोलचं शूट आहे. एक जण म्हणाला, आता आपण फुटबॉलच खेळतो, क्रिकेटमध्ये अख्खा दिवस जातो राव. एक जण ओट्यावर बसून मोबाईलवर बोट फिरवत होता. तो वर न बघताच म्हणाला, “मामा, मी टीम लावली ना.”

मामांचा चेहरा उजळला. “कुठाय?”

त्याने मोबाईल दाखवला. त्यात अकरा फोटो होते, कोणाचा पाय मोडला तर ह्याचे पॉइंट जात होते.

“ह्यातला येक बी सव्वीसला येईल का?” मामांनी विचारलं.

“तुमचं काहीतरीच, मामा.”

वास्तविक बिनलग्नाची पोरं आज आमच्या कंपाउंडात पायलीला पन्नास. दोन एकरवाल्याला, फॅक्टरीतल्या टेंपररीला, कोणालाच मुलगी मिळत नाही. मामांच्या उभ्या आयुष्यात अविवाहितांचं असं पीक आलं नव्हतं, आणि त्यातून अकरा जण निघेनात. ह्याचं खरं कारण सांगितलं ते त्यांच्याच जुन्या फास्ट बोलरने. पस्तिशीला आला आहे, गॅरेज चालवतो. हातातलं काम न सोडता तो म्हणाला, “मामा, तुमच्या टायमाला अविवाहित म्हंजे जवान पोरं. आता आमी त्या बाजूला हुबं राह्यलो का समदं गाव मोजतं, ह्याचं अजून न्हाई, त्याचं बी न्हाई. आईला रडू येतं घरी. टेबलापाशी बसल्याल्या बाया काय बोलत्यात, ठाव हाय का तुमाला?”

मामांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी त्याच टेबलामागे असते. जो शब्द त्यांनी आयुष्यभर टोपीसारखा मिरवला, तो कोणाला जोड्यासारखा लागत असेल हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. घराशी उतरताना मामा मला म्हणाले, “त्याचा यॉर्कर बघितला व्हता का तू? ल्हान व्हतीस.” मी पाहिला होता. मी नुसती मान हलवली.

तर ह्या सव्वीस तारखेची सकाळ. सेक्रेटरींनी आधीच बजावलं होतं की दहापर्यंत टीम उभी राहिली नाही तर मॅचऐवजी हौजी (म्हणजे तंबोला) घ्यायची, आणि यंदापासून हौजीच घ्यायची. विवाहित केव्हाच जमले होते. पोटं सुटलेले, गुडघ्यांना पट्टे बांधलेले, पण हौशी; राखीव धरून एक टीम उरेल इतके. मामा खडूने पांढरे केलेले बूट घालून आले. त्यांच्या मागे ऑर्गन वाजवणारे बिनलग्नाचे गृहस्थ, कॉलेजातली चारदोन पोरं, काही शाळकरी, आणि सगळ्यात शेवटी, मान खाली घालून, तो गॅरेजवाला. तो आला तशी मामांनी त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवला. धरून धरून दहा झाले. अकरावा ड्रमवाला होता, मामांनी पुन्हा गळ घातल्यावर त्याने येतो म्हणून शब्द दिला होता, पण आयत्या वेळी तो शूटलाच निघून गेला होता.

टेबलाशी मंडळीतल्या एक आत्या कप उचलताना मला म्हणाल्या, “यंदा तरी बातमी दे गं बाई. तुझ्या बरोबरीच्यांची पोरं शाळेत जायला लागली.” दुसऱ्या म्हणाल्या, “फार निवडत बसू नये.” मी त्यांच्या कपात चहा ओतला.

तेवढ्यात सेक्रेटरी मामांना म्हणाले, “आमच्यातला एक घ्या की. आमी लई झालोत.”

“विवाहित चालत न्हाई,” मामा म्हणाले.

“मग दहानं खेळा.”

“टीम अकराची असती.”

“मामा, आता हट्ट सोडा. पब्लिक खोळंबलंय. कोणाला पाहिजे ती मॅच? तुमालाच ना?” ते हसून म्हणाले, पण वळता वळता त्यांनी हौजीच्या तिकिटांचा गठ्ठा पाळकांच्या हातात दिलासुद्धा.

मामांनी भांडायला हवं होतं. भर उपासनेत उभा राहणारा माणूस तो. पण त्यांनी नुसतं एकदा रस्त्याकडे पाहिलं. ऊस घेऊन एक ट्रॉली चालली होती, मागे मोपेड नव्हती. मग ते पिचकडे गेले आणि स्टंपांवरच्या बेल्स काढून त्यांनी शर्टाच्या खिशात टाकल्या. तिकडच्याही काढल्या. शाळकरी पोरांनी तेवढ्यात मोबाईल बाहेर काढले. गॅरेजवाला बॉल हातात घेऊन तसाच उभा होता, कोणी मागेल अशी वाट बघत. मामा लंगडत टेबलापर्यंत आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “अर्धा कप दे गं. बिनसाखरेचा.”

दोन्ही आत्या शेजारीच होत्या, पाळकही होते. मी किटली खाली ठेवली. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला.

“मामा, बेल्स परत ठेवा. माझंही लग्न झालेलं नाही. कव्हरला मी उभी राहते.”