माजघरातल्या बाटल्या

प्रेमचंद दगा पाटील हा कळसाडीचा पहिला एम.एस्सी. कापूस आणि ऊस सोडून दुसऱ्या कशात तरी माणूस आयुष्य घालवू शकतो, हे गावातल्या गुजर शेतकऱ्यांना त्याच्यामुळे कळलं. साठ साली तो कॉलेजात रसायनशास्त्राचा लेक्चरर झाला. शिकवायचा झकास. पण पीएच.डी. झाल्याशिवाय विभागप्रमुखाची खुर्ची मिळणार नव्हती, आणि त्या खुर्चीवर त्याचा जीव होता.

विषय घेतला साठवलेल्या पाण्याचा. त्यातले क्षार काळानुसार कसे बदलतात, ते पाहायचं. सारंगखेड्याला जाऊन त्यानं तापीचं पाणी बाटल्यांत भरलं, बुचं लावली, स्वतःच्या सुरेख अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या. बाटल्यांना अंधार आणि गारवा हवा, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेवर तर पत्रे. म्हणून त्या घरी आणून माजघरातल्या फळीवर मांडल्या. "माय, तापीनं पाणी शे, या बाटल्या जपजो," एवढंच त्यानं आईला, रुक्मिणीबाईंना, सांगितलं. त्यांनी जपल्या. रोज पुसायच्या, सणावाराला हळदकुंकूही लावायच्या.

महिन्याच्या महिन्याला तो थोडं थोडं पाणी तपासायला न्यायचा आणि उरलेल्या पाण्याच्या पातळीवर रेघ मारून ठेवायचा. पाण्यातले क्षार वाढत होते. पुढच्या बाटल्यांत भरपूर, मागच्यांत जेमतेम. प्रेमचंदनं डोकं लढवून सिद्धान्त मांडला, की काचेतून क्षार सुटतात आणि उजेडाकडे जास्त सुटतात. पुण्याचे मार्गदर्शक खूश झाले. प्रबंध गेला, तोंडी परीक्षा ठरली, गाव त्याला आधीच डॉक्टर म्हणू लागलं.

परीक्षेच्या तोंडावर वडील गेले. भर दुपारी घरघर लागली, तेव्हा रुक्मिणीबाई माजघरात गेल्या आणि मुलाच्या हातात बाटली दिली. "तापीमायनं पाणी दे बापले."

बाटलीवर त्याचंच अक्षर होतं. प्रेमचंद थिजला. तरी त्यानं पळीभर पाणी वडिलांच्या तोंडात घातलं, तुळशीचं पान ठेवलं. थोड्या वेळानं श्वास थांबला. बायका रडू लागल्या. रुक्मिणीबाईंनी पदरानं डोळे पुसले, बाटली घेतली, कळशीतलं विहिरीचं पाणी रेघेपर्यंत तिच्यात ओतलं आणि बूच घट्ट लावलं.

"माय, हाई काय करं तू?"

"रेघलोंग भरी ठेवं. तापीमायनं पाणी सरू देवानं नही, भाऊ. धनुबाईले दिधं, नथ्थूना मायले दिधं. एक थेंब तापीना व्हई तरी बठ्ठं पाणी तापीनंच."

पुढच्या बाटल्या हाताशी, म्हणून गावातला प्रत्येक मरणारा त्यांतलंच पाणी पिऊन गेला होता. काचेतून काहीच सुटलं नव्हतं. कळसाडीच्या विहिरीचं क्षारांनी जड पाणी त्यानं महिनोन् महिने मोजलं होतं, त्यावर सिद्धान्त रचला होता, आणि तो छापूनही आला होता. समोर बाप गेलेला, आणि याला रडूच येईना. त्याची त्याला भयंकर लाज वाटली.

तेरावं उरकून तो पुण्याला गेला आणि प्रबंध परत घेतला. खुर्ची दुसऱ्याला मिळाली. घरी त्यानं कारण सांगितलं नाही. रुक्मिणीबाई विचारायच्या, "डॉक्टर कव्हय व्हशी, भाऊ?" तो म्हणायचा, "व्हसू, माय."

अडुसष्ट साली त्यांचीही वेळ आली. प्रेमचंदनं फळीवरची पुढची बाटली काढली. त्या पाण्यात आता तापी किती उरली असेल, ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आईनं डोळ्यांनीच विचारलं.

"तापीनंच शे, माय," तो म्हणाला, आणि पळी तिच्या ओठांना लावली.

ती गेल्यावर तो बाटली ठेवायला माजघरात गेला. पाणी रेघेच्या खाली उतरलं होतं. त्यानं कळशी जवळ ओढली, रेघेपर्यंत पाणी भरलं, बूच लावलं, आणि आपण हे काय केलं, अशा नजरेनं स्वतःच्या हाताकडे बघत तिथेच उभा राहिला.