वरचा थर

महाडात बाळ पोतनीसांकडे घड्याळ दुरुस्तीला टाकलं की ते हमखास दुरुस्त होऊन मिळतं, फक्त कधी ते विचारायचं नाही. काकांचं अर्धं लक्ष घड्याळात असतं, उरलेलं अर्धं मालगाडीत. दुकानामागच्या खोलीत फळीवर गोल फिरणारे रूळ, पत्र्याचे अकरा डबे आणि गजराच्या जुन्या घड्याळाची स्प्रिंग बसवलेलं इंजिन. किल्ली दिली की दोन फेऱ्या गॅरंटीने!

पण डबे रिकामे धावलेले काकांना खपत नाहीत, आणि मनाने भरलेले तर मुळीच नाही. "आधी खरा डबा बघायचा, मग आपला भरायचा." म्हणून दर रविवारी वही घेऊन ते वीर स्टेशनवर. मीही एकदा गेलो होतो. गाडी आली आणि हा पन्नाशीचा माणूस बाकावर चढून ओरडायला लागला, "कोळसा! बघ, मध्ये उंच, कडेला उतरता!" मग घरी चहाचा चोथा वाळत पडला आणि तस्साच, मध्ये उंच, डब्यात भरला गेला. विनोदिनीकाकू म्हणतात, "आमच्याकडे चहा पाहुण्यांसाठी होत नाही, रेल्वेसाठी होतो."

नव्व्याण्णव साली वीरवरून एक नवलच गेलं. डब्यांवर माल नव्हता, मालाने भरलेले अख्खे ट्रक होते! काका त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी घड्याळाचा पट्टा बदलायला कापडे गावचा रायबा आला. हा एमआयडीसीतली रिकामी निळी पिंपं ट्रकने गोव्याला नेतो. काकांनी विषय काढला मात्र, तो उसळलाच.

"मी चढलोय की त्या गाडीवर! कोलाडला ट्रक चढवला, केबिनमधी आडवा झालो. ष्टेरिंगला हात नाय लावला, नि डोळे उघडतोय तर चिपळूण मागं! पण घरी सांगितलं तर आये मलाच खोटा पाडते. गावात रेल्वेबा म्हणतात मला, काका. चारचौघांत तोंड उघडायची सोय नाय."

"आईला वीरला आण."

"ती म्हणते, भाताची लावणी तुझी रेल्वे करणार हाय काय?"

काका टेप घेऊन थेट रस्त्यावर. बाहेर उभा असलेला रायबाचा ट्रक चाकापासून टोकापर्यंत मोजला. त्या मापाने पत्र्याचा छोटा ट्रक करून एका डब्यावर चढवला. निळ्या पेनांची टोपणं कापून पिंपं झाली. ट्रकवर तीन थर होते, काकांनीही तीनच लावले, वरून दोरीच्या जागी शिवणाचा दोरा. घरच्या गणपतीच्या आराशीत हीच गाडी बोगद्यातून जाणार आणि पाचव्या दिवशी रायबाची आई गोदूबाई ती बघणार, असं ठरलं.

पाचव्या दिवशी गोदूबाई आली, बरोबर कापड्याची आठदहा माणसं. रायबा पांढरा शर्ट घालून आपलंच लग्न असल्यासारखा उभा. काकांनी किल्ली दिली. गाडी निघाली! ट्रक डुलत डुलत बोगद्याशी आला आणि... खट्! वरची पिंपं कमानीला अडकली. इंजिन जागच्या जागी घरघरत राहिलं.

"आडकला रे रेल्वेबा!" मागून कोणीतरी ओरडलं. खोलीत हशा पिकला. काकांचा चेहरा पडला. बोगदा इंजिनाच्या मापाने बरोबर होता, ट्रक ट्रकाच्या मापाने बरोबर होता.

गोदूबाई लेकाकडे वळली. "बघ. आडकतंय ते. मग तू कसा रे गेलास?"

रायबाने खाली बघितलं. कान लाल. "आये, कोलाडला लोखंडी कमान हाय. तिच्याखालून जाईल तोच ट्रक चढतो. माझा नाय गेला. सगळ्यांसमोर मला वर चढवून वरचा थर उतरवायला लावला. ती पिंपं तिथंच एका हाटेलामागं ठेवली, दुसऱ्या खेपेला आणली. लाज वाटली म्हणून बोललो नाय."

काका कपाळावर हात मारून म्हणाले, "आणि मी मोजला महाडात! कोलाड बघितलंच नाही!"

गोदूबाई मात्र लेकाकडे बघतच राहिली. "थापाड्या मानूस थाप मारताना सोताला मोठा करतो," ती गावकऱ्यांना म्हणाली, "सोताची फजिती नाय सांगत. गेला असंल ह्यो."

मग ती पुढे वाकली, दोरा सैल केला आणि दोन बोटांनी वरची सहाच्या सहा पिंपं उचलली. "आता सोडा वो मास्तर." घड्याळवाल्याला मास्तर केलं बाईने!

काकांनी पुन्हा किल्ली दिली. ट्रक कमानीखाली शिरला, दिसेनासा झाला, आणि दुसऱ्या तोंडातून झोकात बाहेर! "निघाला! माझा रायबा निघाला!" गोदूबाईने टाळ्या पिटल्या. रायबा तर असा नाचला की आराशीचा डोंगर हलला.

मंडळी जायला निघाली तेव्हा काका सगळीकडे ती सहा पिंपं शोधत होते. ती गोदूबाईच्या पदराच्या गाठीत होती.

"अहो, ती माझी..."

"ऱ्हाऊ द्या मास्तर. गावात कोन हसला की गाठ सोडून दाखवीन. म्हनावं, ह्यो कोलाडला उतरवलेला वरचा थर."