मंगळावरची संकष्टी

आमच्या वन्संइतकी मंगळाची खडान्खडा माहिती असलेली बाई अख्ख्या कसबा पेठेत दुसरी नाही, आणि मला विचाराल तर पुण्यातही नसेल. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि विज्ञान कादंबरी लिहायला बसल्या. पण नुसत्या बसतील तर शपथ! करून पाहिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही, हा खाक्या. अंतराळवीराला जाड हातमोज्यांत काय काय जमेल हे कळावं म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याला, म्हणजे स्वतःच्या धाकट्या भावाला, भर मे महिन्यात स्वेटर, हेल्मेट आणि ओव्हनचे मोजे चढवून लसूण सोलायला बसवलं. "ताई, मंगळावर सोललेला लसूण मिळत नाही का?" हे घामाघूम होऊन म्हणाले. "मिळतो. पण नायिका पुण्याची आहे," वन्सं म्हणाल्या.

प्रकाशकांचे उंबरे झिजवल्यावर अखेर एकजण तयार झाला. कादंबरीतली बाई मंगळावर संकष्टी धरते. चंद्रोदयासाठी ती पूर्वेच्या खिडकीशी उभी असते, म्हणून वादळ तिलाच आधी दिसतं आणि सगळी वसाहत वाचते. वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. छपाई सोमवारी सुरू व्हायची, आणि आदल्याच दिवशी संकष्टी. आम्ही दोघी गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून उभ्या, आणि वन्संचा चेहरा एकदम पांढराफटक!

"अगं, मेले! मंगळाचा थोरला चंद्र पश्चिमेला उगवतो. पाठ आहे मला हे, आणि सवयीनं बाईला उभी केली पूर्वेला!"

"खिडकी बदला की मग," मी म्हटलं.

"खिडकी बदलली की वादळ बदलतं, वसाहत बदलते. अर्धी कादंबरी नव्यानं लिहायला हवी."

तिथूनच त्यांनी प्रकाशकांना फोन लावला.

"अहो बाई, कोणाला कळणार आहे?" ते म्हणाले.

"मला कळलंय."

"मग यंदा राहिलंच समजा. पुढचं सांगता येत नाही."

"थांबवा छपाई," म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त अभिमान वाटत होता. अशी बाई माझी नणंद आहे, हे गच्चीवरून ओरडून सांगावंसं वाटलं.

प्रकाशकांचा फोन पुन्हा काही आला नाही. वन्संना आता नीट दिसत नाही. त्या सांगतात, मी लिहून घेते, आणि स्वल्पविराम चुकला तर बोलणीही खाते. पुस्तक त्यांच्या हातात पडेल की नाही, देव जाणे. परवा शेवटचं प्रकरण संपलं. "वाच बघू," म्हणाल्या. मी वाचत गेले. बाई पश्चिमेच्या खिडकीशी उभी राहिली, चंद्र वर आला, आणि इकडे खुर्चीत वन्संनी डोळे मिटून हात जोडले.